गादीवरून उठण्याचें धैर्य

व्यापार हा बसून करावयाचा उद्योग आहे, अशी आपल्याकडे फार दिवसांची समजूत आहे. शेतकरी उन्हांत राबतो, हमाल ओझें वाहतो, शिक्षक उभा राहून घसा कोरडा करतो. दुकानदार तेवढा सावलींत बसतो. आपल्या भाषेनेंहि या समजुतीस हातभार लावला आहे. मुलगा दुकान पाहूं लागला म्हणजे तो 'गादीवर बसला' असें आपण म्हणतों, आणि त्यानें तें मोडलें नाहीं म्हणजे 'बापाची गादी राखली' असें कौतुकानें सांगतों. मला आज जें लिहावयाचें आहे तें या गादीविषयींच आहे. भांडवलाची अडचण खोटी नाहीं; परंतु लहान दुकानदाराची वाढ खुंटते ती भांडवलापेक्षां गादीवरून उठण्याच्या संकोचानें अधिक खुंटते, असें माझें मत आहे. संकोच हा शब्द मी मुद्दाम वापरतों. आळशी दुकानदार मीं फार थोडे पाहिले आहेत. संकोची दुकानदार पुष्कळ पाहिले आहेत.

शाळेच्या वार्षिकांत दुकानदारीचा विषय कां, असें कोणी विचारील. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं लहान दुकानें आहेत, हें त्याचें उत्तर. प्रवेशपत्रावर 'पालकाचा व्यवसाय' असा रकाना असतो. तो भरतांना दुकानदाराचा मुलगा क्षणभर थबकतो, शेजारच्या मुलानें 'नोकरी' असें लिहिलेलें पाहतो, आणि मग लहान अक्षरांत 'दुकान' असें लिहितो. हीं लहान अक्षरें मला दरवर्षीं जून महिन्यांत पाहावीं लागतात.

माहूरचा बाजार कसा चालतो हें येथील वाचकांस सांगावयास नको. तरी जें रोज दिसतें त्याकडेच आपलें लक्ष कमी असतें. रेणुकादेवीचें स्थान, दत्तशिखर व अनसूयाशिखर यांमुळें या डोंगराळ गांवीं दूरदूरचे यात्रेकरू येतात. नवरात्रांत व दत्तजयंतीस वाटेवरील दुकानांपुढें उभें राहावयास जागा मिळत नाहीं. ओटीचें सामान, नारळ, कुंकू, बांगड्या, पेढे, आणि प्रसाद म्हणून सर्वत्र प्रसिद्ध असलेला कुटलेल्या पानांचा तांबूल, ही या बाजाराची संपत्ति. यात्रा सरली कीं गर्दी ओसरते, आणि दुकानदार गादीवर बसून पुढल्या यात्रेची वाट पाहूं लागतो. गिऱ्हाईक वरून धाडलें जातें, आपण केवळ तागडी धरावयाची, असा त्याचा भाव असतो. मी ख्रिस्ती आहें. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयीं बोलण्याचा मला अधिकार नाहीं व इच्छाहि नाहीं. मी बोलतों आहें तें तागडीविषयीं.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीमुळें देवळें बंद झालीं. मशिदी, गुरुद्वारे व आमचीं चर्चेंहि बंद झालीं. त्या वर्षींचें नवरात्र यात्रेवांचून गेलें. १६ नोव्हेंबर २०२० रोजीं महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें उघडलीं, पुढील एप्रिलांत तीं पुन्हा मिटलीं, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेच्या दिवशीं, पुन्हा उघडलीं. ज्या गांवाचें पोट यात्रेवर भरतें त्या गांवास हा काळ कसा गेला असेल याची कल्पना नांदेड-लातूरच्या बाजारपेठेंत बसून येणार नाहीं.

त्या काळांत आपल्या एका विद्यार्थिनीच्या आईनें काय केलें तें सांगतों. बाईंचें कुंकवाबांगड्यांचें लहानसें दुकान होतें. पावसाळा सरला, नवरात्र तोंडावर आलें, आणि देऊळ उघडण्याचें चिन्ह दिसेना. दुकानांतील माल तसाच पडून होता. तेव्हां बाईंनीं बांगड्यांचे जुडगे पिशवींत भरले आणि तांड्यावर जाऊन विकण्याचें ठरविलें. घरांतून विरोध झाला. धोका होता म्हणून नव्हे, तर लोक काय म्हणतील म्हणून. दुकानदारीण आणि फेरीवाली यांच्यामध्यें आपल्या समाजानें एक पायरी कल्पिली आहे, आणि ती एक पायरी उतरणें गडाच्या साऱ्या पायऱ्या चढण्यापेक्षां अवघड आहे. दुकानांत गिऱ्हाईक आपल्या दारीं येतें. फेरींत आपण त्याच्या दारीं जातों. दुकानांत गिऱ्हाईक घासाघीस करतें. फेरींत तें 'नको' म्हणून दारच लावून घेतें.

पहिल्या दोन तांड्यांवर बाईंची एकहि बांगडी खपली नाहीं. कापूस घरांत आल्यावर या, असें त्यांस सांगण्यांत आलें. तिसऱ्या तांड्यावर एका म्हातारीनें बांगड्यांकडे पाहिलेंहि नाहीं. तिनें विचारलें, कशिद्याचा रंगीत दोरा आहे का, बारीक आरसे आहेत का, कवड्या आहेत का? बाईंकडे यांपैकीं कांहींच नव्हतें. वीस वर्षें दुकान चालवून त्यांस हा प्रश्न कोणीं विचारला नव्हता, कारण असा प्रश्न विचारणारी स्त्री त्यांच्या दुकानाची पायरी चढतच नव्हती. घरीं आल्यावर त्यांनीं मुलीच्या जुन्या वहींत, आपल्याकडे नसलेल्या पण लोकांनीं मागितलेल्या वस्तूंची एक यादी सुरू केली. मीं ती वही पाहिली आहे. आजहि आठवड्यांतून एक दिवस दुकान मुलीच्या आजीकडे सोंपवून बाई फेरीस जातात. त्या श्रीमंत झाल्या असें मुळींच नाहीं. पण पौर्णिमा केव्हां येते याकडे त्यांचें घर आतां डोळे लावून बसत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. महामारीनें बाईंना शहाणें केलें, असें कोणी म्हणेल तर मला तें मान्य नाहीं. त्याच महामारीनें कित्येक दुकानें कायमचीं मिटविलीं आणि कित्येक घरांतील कर्त्या माणसांस नेलें. संकट कोणास शिकवीत नाहीं. तें फक्त येऊन कोसळतें. बाई शिकल्या त्या तिसऱ्या तांड्यावर, आणि तेथवर त्यांस त्यांच्याच पायांनीं नेलें. पहिल्या दोन नकारांनंतर परत फिरण्याची वाट मोकळी होती.

हीच गोष्ट मोठ्या मापानें पाहावयाची असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र वाचावें. 'किर्लोस्कर' हें नांव आपल्या मुलांनीं विहिरीवरील पंपावर वाचलेलें असतें; त्या नांवामागचा मनुष्य मात्र त्यांस ठाऊक नसतो. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु त्यांस कांहीं रंग नीट ओळखतां येत नाहींत हें तेथें उघडकीस आलें. रंगांची वाट बंद झाली तेव्हां त्यांनीं यंत्रांच्या आकृति काढण्याची विद्या हस्तगत केली व मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची नोकरी धरली. पुढें तेथील बढती त्यांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगांवीं भावाजवळ आले आणि दोघां भावांचा सायकलींचा धंदा सुरू झाला.

पुष्कळ लोक ही कथा सांगतांना बढतीच्या प्रसंगावर थांबतात, कारण त्यांत अपमान आहे आणि अपमानाची गोष्ट ऐकावयास गोड लागते. मला तिच्या पुढील भाग अधिक मोलाचा वाटतो. सायकलींचें दुकान चालत होतें. नवी वस्तु, शहरांतील गिऱ्हाईक, दुरुस्तीचें हमखास काम. लक्ष्मणरावांस गादीवर बसून राहण्यास कांहीं हरकत नव्हती. तें सोडून त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें, आणि सन १९०३ मध्यें लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडानें जमिनींत विष कालवतें, असें शेतकऱ्यांचें म्हणणें पडलें. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षें लागलीं.

दोन वर्षें! विद्यार्थिमित्रहो, आपण हा आंकडा वाचून पुढें जातों. कारखान्यांत माल तयार आहे, कारागिरांस मजुरी द्यावयाची आहे, आणि ज्याच्या हितासाठीं वस्तु केली तोच ती विष म्हणून परत करतो आहे. अशा वेळीं विक्रेत्यापुढें दोन सोप्या वाटा असतात. एक, धंदा सोडून देणें. दुसरी, गिऱ्हाइकास अडाणी म्हणून शिव्या देणें. ही दुसरी वाट सुशिक्षितांस विशेष प्रिय आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूनें पाहा. लांकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार तो दुपारपर्यंत नीट करून देई. लोखंडी मोडला तर कोणाकडे जावयाचें? नांगर फसला तर विक्रेत्याचा एक नांगर जातो, शेतकऱ्याचें अख्खें वर्ष जातें. विषाची समजूत खुळी होती खरी. परंतु मला वाटतें, तिच्या पोटीं ही रास्त भीति दडलेली असावी. नकाराच्या आंत बहुधा एक कारण असतें, आणि तें ऐकूं येण्यास नकार देणाऱ्याच्या दारांत पुरेसा वेळ उभें राहावें लागतें. गादीवर बसून तें ऐकूं येत नाहीं.

नांगर खपूं लागला तोंच बेळगांव नगरपालिकेच्या हुकुमामुळें कारखान्याची जागा खाली करावी लागली. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळ, ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचें बिनव्याजी कर्ज दिलें. जमीन म्हणजे निवडुंगाचें रान व सापांचें माहेर. सन १९१० मध्यें लक्ष्मणराव पंचवीस कामगार व त्यांचीं कुटुंबें घेऊन तेथें गेले, आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सन १९४८ च्या दंगलींत ती वाडी जळाली. लक्ष्मणराव तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिलेला पाहूनच त्यांनीं सन १९५६ मध्यें डोळे मिटले.

आतां या कथेंतील एक गोष्ट मी झांकून ठेवणार नाहीं. लक्ष्मणरावांस औंधकरांसारखा पाठीराखा मिळाला. आपल्या बांगडीवाल्या बाईंना तो मिळत नाहीं. 'कष्ट सोसा म्हणजे मोठे व्हाल' हें वाक्य ज्याची चूल पेटलेली आहे त्यास सांगणें वेगळें, आणि ज्याची विझलेली आहे त्यास सांगणें वेगळें. दारिद्र्यास गुरु म्हणण्याची कांहीं वक्त्यांना संवय असते. मला ती निष्ठुर वाटते. उपाशी मनुष्य प्रयोग करूं शकत नाहीं, कारण एक प्रयोग फसला कीं दुसऱ्यासाठीं त्याच्याजवळ दिवस उरत नाहीं. म्हणून लहान धंदेवाल्यानें जी गैरसोय पत्करावयाची ती आपल्या पायांवर आणि आपल्या मानापमानावर पत्करावी. लेकरांच्या ताटावर नव्हे, आणि सावकाराच्या व्याजावर तर नव्हेच. आठवड्यांतील सहा दिवस जुनें दुकान सांभाळून सातव्या दिवशीं नवी वाट तुडविणें, हें धाडस बाईंना परवडलें. दुकान गहाण टाकून मोठी पेढी थाटणें हेंहि धाडसच, पण त्याची शिफारस मी कोणास करणार नाहीं. जून २०२० मध्यें केंद्र सरकारनें शहरांतील फेरीवाल्यांसाठीं स्वनिधि योजना सुरू केली, तिच्यांतील पहिलें कर्ज दहा हजार रुपयांचेंच होतें. एकशेंदहा वर्षांपूर्वीं तेवढ्या रकमेवर एक कारखाना उभा राहिला, आणि आज तेवढ्यांत फार तर एक हातगाडी भरते! तरी त्या हातगाडीचा हिशेब कारखान्याच्या हिशेबाइतक्याच काळजीनें ठेवावा लागतो.

हिशेबाचें नांव निघालें म्हणून सांगतों. फेरीस जाण्यापेक्षां, नकार ऐकण्यापेक्षां, लहान दुकानदारास जें सर्वांत अवघड जातें तें म्हणजे रोजचा जमाखर्च लिहिणें. त्यास अक्षर येत नाहीं म्हणून नव्हे. वही लिहिली म्हणजे ती बोलूं लागते. मेहुण्याकडे किती उधारी थकली आहे, गल्ल्यांतून घरखर्चासाठीं किती गेले, चहापानांत किती उडाले, कोणता माल तीन वर्षें धूळ खात आहे, हें सारें ती मुकाट्यानें मांडते. दुकानाचा पैसा आणि घराचा पैसा एकाच डब्यांत राहिला म्हणजे कोणासच कोणास विचारावें लागत नाहीं. मोठी सुखाची व्यवस्था! दोन डबे केले कीं पहिल्याच संध्याकाळीं घरांत एक अप्रिय संभाषण होतें. हें संभाषण टाळण्यासाठीं कित्येक दुकानें वीस वर्षें नफ्यांत आहेत असें समजून चाललेलीं असतात. उधारी मागावयास जाणें हेंहि त्याच जातीचें. त्यांत देणाऱ्यापेक्षां मागणाऱ्याचीच मान खालीं जाते, हा आपल्या व्यवहारांतील एक चमत्कार आहे.

मातांनीं ध्यानांत घ्यावें असें एक उदाहरण मुंबईचें आहे. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात गुजराती-भाषी गृहिणींनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या दिवशींचा माल चार पाकिटें. पुढें 'लिज्जत' या नांवानें देशभर गेलेला उद्योग तो हाच. त्या स्त्रियांनीं आरंभींच असें ठरविलें होतें कीं तोटा आला तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाहीं. उसने घेतले ते फेडावयाचे, दान नको. मला या ठरावाचें फार नवल वाटतें. देणगी घेणें सोपें होतें, गिरगांवांत देणारेहि मिळाले असते. पण दान देणाऱ्यास पापड कच्चा राहिला तरी चालतो. विकत घेणारा तो परत आणून देतो.

धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा प्रभु येशूनें सांगितलेला दाखला आपले विद्यार्थी शास्त्राच्या तासाला ऐकतात. परीक्षेंत त्या चाकराचें वर्णन 'आळशी' असें एका शब्दांत लिहितात, आणि धन्यानेंहि त्यास तोच शब्द लाविला आहे. परंतु त्या चाकरानें स्वतः काय कारण दिलें तें पाहावें. त्यानें द्रव्य उधळलें नाहीं, चोरलें नाहीं. एक पैहि कमी न करतां परत आणून दिलें. तो भ्याला होता, इतकेंच. गादीवर बसलेला आपला प्रामाणिक दुकानदार मला पुष्कळदां त्याच्या जवळपास बसलेला दिसतो. उलट प्रेषित पौल सुवार्ता सांगत गांवोगांव फिरत असतां राहुट्या करण्याचा धंदा करी. त्याच्या धंद्यास गादी अशी नव्हतीच.

दर महिन्यास ठरलेला पगार घेणाऱ्या मास्तरानें दुकानदारास हें सांगावें, यांत कांहीं वाचकांस मौज वाटेल. वाटूं द्यावी. मला दुकानाचा अनुभव नाहीं; परंतु संकोचाचा अनुभव वर्गांत रोज येतो. गणित समजलें नाहीं असें हात वर करून सांगण्यास न धजणारा मुलगा, आणि माल कां खपत नाहीं असें गिऱ्हाइकास विचारण्यास न धजणारा त्याचा बाप, यांच्यांत मला फारसा भेद दिसत नाहीं. पहिल्यास आम्ही नापास करतों. दुसऱ्यास कोणी नापास करीत नाहीं. त्याचें दुकान तेवढें हळूहळू लहान होत जातें.

पालकांस एक विनंती आहे. मुलांस शाळेच्या वेळांत दुकानावर बसवूं नये. तें मला कधींहि मान्य होणार नाहीं. परंतु सुटींत त्यांस दुकानापासून लपवूंहि नये. 'तूं फक्त अभ्यास कर, हें आमच्या नशिबीं आलें आहे तें तुझ्या नको' असें जेव्हां आईबाप म्हणतात, तेव्हां माया त्यांच्या मनांत असते आणि लाज मुलाच्या मनांत उतरते. एखादें गिऱ्हाईक मुलास टाकून बोललें तर लागलीच मध्यें पडूं नये. त्यानें काय उत्तर दिलें तें रात्रीं जेवतांना विचारावें.

आणि इयत्ता नववी-दहावीच्या मुलामुलींस माझी एक सूचना आहे. येत्या दिवाळीच्या सुटींत आपल्या घरच्या, किंवा घरीं नसल्यास शेजारच्या, एखाद्या दुकानाचा पंधरा दिवसांचा रोजमेळ लिहून आणावा. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च, आणि शेवटच्या पानावर, बांगडीवाल्या बाईंच्या वहींतल्याप्रमाणें, लोकांनीं मागितलेल्या पण दुकानांत नसलेल्या वस्तूंची यादी. दुकानदार आंकडे सांगावयास आढेवेढे घेईल, तरी विचारावें. सुटी संपल्यावर पहिल्या शनिवारीं शाळा सुटली कीं मी वर्गांत थांबेन. वह्यांवर तेलाचे किंवा कुंकवाचे डाग पडलेले असले तरी चालतील.